अलेक्झांडर रोडेनबाख

अलेक्झांडर रोडेनबाख (जन्म : २८ सप्टेंबर १७८६, रुसेलारे, मृत्यू : १७ ऑगस्ट १८६९, रुम्बेके) हे बेल्जियममधील राजकारणी, लेखक, अंध व मूकबधिरांच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते आणि बिअर उद्योजक होते. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. अंधत्व असूनही ते १८३०-३१ च्या बेल्जियन राष्ट्रीय काँग्रेसचे, म्हणजे स्वतंत्र बेल्जियमच्या घटनासमितीचे सदस्य झाले आणि त्यानंतर १८३१ पासून १८६८ पर्यंत प्रतिनिधिगृहात निवडून येत राहिले. गरीब अंध व मूकबधिर मुलांच्या शिक्षणाचा खर्च स्थानिक पालिकेने उचलावा, ही तरतूद बेल्जियमच्या कायद्यात येण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

आज मात्र त्यांचे नाव अधिक परिचित आहे ते दुसऱ्याच कारणाने. १८२१ साली त्यांनी व त्यांच्या भावांनी रुसेलारे येथे घेतलेल्या लहानशा ब्रुअरीतून पुढे 'रोडेनबाख' ही बिअर उत्पादक संस्था उभी राहिली. पश्चिम फ्लँडर्समधील तांबड्या आंबट बिअरचा हा सर्वांत प्रसिद्ध कारखाना होय.

घराणे व बालपण

रोडेनबाख घराणे मूळचे जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या आंडरनाख या गावचे. अलेक्झांडर यांचे आजोबा फर्डिनांड रोडेनबाख हे ऑस्ट्रियन सैन्यात शल्यवैद्य होते. अठराव्या शतकाच्या मध्यास ते पश्चिम फ्लँडर्समधील रुसेलारे या गावी स्थायिक झाले. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली होता. सुपीक शेती, जवसाच्या धाग्यापासून कापड विणण्याचा घरगुती धंदा आणि गावोगावच्या लहान ब्रुअऱ्या ही या भागाच्या अर्थजीवनाची प्रमुख अंगे होती.

अलेक्झांडर यांच्या बालपणातच देशाची राजवट बदलली. १७९५ मध्ये फ्रान्सने हा प्रदेश आपल्या प्रजासत्ताकास जोडला. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ मध्ये, तो नेदरलँड्सच्या संयुक्त राज्यात समाविष्ट झाला. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाले. एकाच गावी वास्तव्य असूनही अलेक्झांडर यांच्या पिढीने अशा प्रकारे चार राजवटी अनुभवल्या.

फर्डिनांड, कॉन्स्टँटिन व पेद्रो हे अलेक्झांडर यांचे भाऊ होत. कॉन्स्टँटिन पेशाने डॉक्टर होते. ते पुढे राजकारणात व नंतर बेल्जियमच्या राजनैतिक सेवेत गेले. पेद्रो सैन्यात अधिकारी होते.

अंधत्व व शिक्षण

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात अंध मुलाच्या वाट्याला सहसा दोनच गोष्टी येत. घरची स्थिती बरी असेल तर कुटुंबाच्या आधाराने काढलेले आयुष्य, आणि घर गरीब असेल तर भिक्षा. अंध व्यक्तीस पद्धतशीर शिक्षण देता येते, ही कल्पनाच नवी होती. व्हालांतँ आयुई (१७४५–१८२२) या फ्रेंच शिक्षणतज्ज्ञाने १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंधांसाठी जगातील पहिली शाळा सुरू केली. जाड कागदावर उठावदार अक्षरे छापून ती बोटांनी वाचावयास शिकविणे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. त्याखेरीज अंकगणित, भूगोल, संगीत व हस्तव्यवसाय हे विषयही तेथे शिकविले जात.

फ्रान्समधील राजकीय उलथापालथीत आयुई यांना आपली मूळ संस्था सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी १८०२ मध्ये पॅरिसमध्येच एक खासगी विद्यालय काढले. अलेक्झांडर रोडेनबाख यांचे शिक्षण आयुई यांच्या हाताखाली झाले आणि त्यांच्या नामवंत विद्यार्थ्यांमध्ये त्यांची गणना होते. १८०६ मध्ये रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून आयुई सेंट पीटर्सबर्गला गेले.

येथे कालक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा असून त्यांची ठिपक्यांची लिपी प्रथम १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे रोडेनबाख शिकले ते ब्रेल लिपीच्या पूर्वकाळात. उठावाच्या अक्षरांतील पुस्तके अवजड, महाग व संख्येने फारच थोडी असत. शिवाय अंध व्यक्तीस ती स्वतः लिहिता येत नसत. त्यामुळे व्यवहारात श्रवण, स्मरणशक्ती व लेखनिकाची मदत यांवरच भिस्त ठेवावी लागे. रोडेनबाख यांचे पुढील सर्व लेखन व संसदीय कार्य या मर्यादेत झालेले आहे.

रुसेलारेतील ब्रुअरी

१८२१ मध्ये अलेक्झांडर, फर्डिनांड, कॉन्स्टँटिन व पेद्रो या चार भावांनी रुसेलारे येथील 'सेंट जॉर्ज' नावाची एक लहान ब्रुअरी विकत घेतली आणि पंधरा वर्षांच्या मुदतीची भागीदारी केली. फ्लँडर्समधील संपन्न कुटुंबांनी ब्रुअरी चालविणे ही त्या काळी सामान्य गोष्ट होती. विहिरी व ओढ्यांचे पाणी बहुधा दूषित असल्याने, उकळून तयार होणारी सौम्य बिअर हे तेथील रोजचे पेय होते आणि जवळजवळ प्रत्येक गावाची स्वतःची ब्रुअरी असे.

१८३६ मध्ये भागीदारीची मुदत संपली. पेद्रो व त्यांच्या पत्नी रेगिना वाउटर्स यांनी इतरांचे भाग विकत घेतले आणि ब्रुअरीला रोडेनबाख हे नाव मिळाले. संस्थेच्या स्थापनेचे अधिकृत वर्ष म्हणून १८२१ व १८३६ अशी दोन वर्षे आढळतात, त्याचे कारण हे आहे. रेगिना या मेशेलन येथील बिअर उत्पादकाच्या कन्या होत्या. पेद्रो सैनिकी सेवेत असल्याने कारखान्याचा प्रत्यक्ष कारभार त्यांनीच पाहिला. १८६४ मध्ये तो त्यांचे पुत्र एडवर्ड यांच्याकडे आला.

अलेक्झांडर यांचा या व्यवसायाशी असलेला थेट आर्थिक संबंध अशा प्रकारे प्रामुख्याने १८२१ ते १८३६ या कालखंडापुरता होता. त्यांना कधीकधी तांबड्या आंबट बिअरचा 'जनक' म्हटले जाते, परंतु ते काटेकोरपणे बरोबर नाही. या बिअरला आजचे रूप देणारी मिश्रणपद्धती त्यांच्या मृत्यूनंतरच्या पिढीत रूढ झाली (पाहा : तांबड्या आंबट बिअरची परंपरा).

बेल्जियन क्रांती व राष्ट्रीय काँग्रेस

नेदरलँड्सचे राजे विल्यम पहिले यांच्या कारकिर्दीत दक्षिणेकडील, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या प्रांतांमध्ये असंतोष वाढत गेला. कॅथलिकांना शिक्षणावरील सरकारी नियंत्रण जाचत होते, तर उदारमतवाद्यांना मुद्रणस्वातंत्र्यावरील निर्बंध. १८२८ च्या सुमारास या दोन परस्परविरोधी गटांनी समान मागण्यांसाठी युती केली. तिला बेल्जियमच्या इतिहासात 'युनियनवाद' असे म्हणतात. सरकारकडे मोठ्या प्रमाणावर सह्यांचे अर्ज पाठविणे हे या चळवळीचे मुख्य साधन होते.

अलेक्झांडर रोडेनबाख या चळवळीत पश्चिम फ्लँडर्समधून सहभागी झाले. गेंट येथून निघणाऱ्या एका कॅथलिक विरोधी पत्रात ते लिहीत असत. त्यांची भूमिका श्रद्धाळू कॅथलिकाची असली तरी मुद्रण, शिक्षण, संघटन व उपासना यांच्या स्वातंत्र्याचा ते आग्रह धरीत. ही चारही स्वातंत्र्ये एकमेकांवर अवलंबून आहेत, हे युनियनवाद्यांचे सूत्र होते.

ऑगस्ट १८३० मध्ये ब्रुसेल्समध्ये क्रांतीस सुरुवात झाली. नोव्हेंबरमध्ये निवडून आलेल्या राष्ट्रीय काँग्रेसमध्ये अलेक्झांडर व कॉन्स्टँटिन हे दोघे भाऊ सदस्य होते. नासाऊ-ओरांये राजघराण्याला बेल्जियममधील सत्तेपासून कायमचे वगळावे, हा ठराव कॉन्स्टँटिन यांनी मांडला. २४ नोव्हेंबर १८३० रोजी तो १६१ विरुद्ध २८ मतांनी संमत झाला. पुढील घडामोडींच्या दृष्टीने हा निर्णायक ठराव ठरला, कारण त्यामुळे जुन्या राजघराण्यातील एखाद्या राजपुत्राला सिंहासनावर बसवून तडजोड करण्याचा मार्ग बंद झाला. पेद्रो यांनीही क्रांतीत सैनिक म्हणून भाग घेतला.

राष्ट्रीय काँग्रेसने ७ फेब्रुवारी १८३१ रोजी बेल्जियमची राज्यघटना संमत केली. तत्कालीन युरोपातील सर्वांत उदार राज्यघटनांपैकी ती एक मानली जाते. २१ जुलै १८३१ रोजी लिओपोल्ड पहिले यांनी राजेपदाची शपथ घेतली.

संसदीय कारकीर्द

१८३१ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत अलेक्झांडर रोडेनबाख रुसेलारेमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि १८६८ पर्यंत, म्हणजे सुमारे ३७ वर्षे, सदस्य राहिले. त्या काळी मतदानाचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांपुरताच मर्यादित होता. तरीही एका अंध व्यक्तीने इतका दीर्घ काळ मतदारांचा विश्वास टिकवावा, ही एकोणिसाव्या शतकातील युरोपात असाधारण गोष्ट होती. रुसेलारेला लागून असलेल्या रुम्बेके गावाचे ते नगराध्यक्षही होते. हे गाव १९७७ मध्ये रुसेलारेत विलीन करण्यात आले.

त्यांच्या कारकिर्दीचा मधला काळ फ्लँडर्सच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. इंग्लंडमधील यंत्राने कातलेल्या स्वस्त सुतापुढे घरगुती कताई व विणकाम टिकेनासे झाले. त्यातच १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत उपासमार व साथींनी या प्रांतात मोठी प्राणहानी झाली. रुसेलारेचा परिसर हा विणकरांचाच भाग असल्याने त्याला या संकटाची झळ तीव्रतेने बसली.

१८४६ मध्ये उदारमतवाद्यांनी स्वतंत्र पक्ष संघटित केला आणि युनियनवादाची जागा हळूहळू पक्षीय संघर्षाने घेतली. रोडेनबाख कॅथलिक बाजूस राहिले.

अंध व मूकबधिरांसाठी कार्य

रोडेनबाख यांच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग हा आहे. ३० मार्च १८३६ रोजी बेल्जियममध्ये पालिका कायदा संमत झाला. पालिकांनी आपल्या अंदाजपत्रकात कोणत्या खर्चांसाठी अनिवार्यपणे तरतूद करावी, याची यादी त्या कायद्यात आहे. गरीब अंध व मूकबधिरांचे पालनपोषण व शिक्षण यांच्या खर्चाचा या यादीत समावेश झाला तो रोडेनबाख यांच्या पुढाकाराने.

या तरतुदीचे महत्त्व 'अनिवार्य' या एका शब्दात आहे. तोपर्यंत अंध मुलाचे शिक्षण हा धर्मादायाचा, म्हणजे देणाऱ्याच्या इच्छेचा विषय होता. कायद्यातील तरतुदीमुळे ते सार्वजनिक कर्तव्य बनले. अर्थात खर्चाचा भार लहान व गरीब पालिकांवरही पडत असल्याने अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही, परंतु पैसा कोणी द्यायचा हा प्रश्न निकालात निघाल्यामुळे शाळा चालविणाऱ्या संस्थांना निश्चित आधार मिळाला. त्याच वर्षी, १८३६ मध्ये, धर्मगुरू शार्ल-लुई कार्तों यांनी ब्रूज येथे मूकबधिर व अंधांसाठी संस्था स्थापन केली.

लेखन

रोडेनबाख यांनी फ्रेंच भाषेत लेखन केले. त्यांची तीन पुस्तके प्रमुख मानली जातात.

पहिले, १८२८ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रसिद्ध झालेले अंधांविषयीचे पत्र. दनी दिदरो यांनी १७४९ मध्ये लिहिलेल्या याच विषयावरील प्रसिद्ध पत्राचा पुढील भाग, असे त्याचे स्वरूप शीर्षकातच सांगितलेले आहे. दिदरो यांनी एक अंध गणितज्ञ व इतर अंध व्यक्तींच्या उदाहरणांवरून ज्ञान इंद्रियांवर किती अवलंबून असते, याची तात्त्विक चर्चा केली होती. त्या लेखनाबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला. दिदरो डोळस तत्त्वज्ञ होते आणि अंधत्व हा त्यांच्या दृष्टीने विचारप्रयोगाचा विषय होता. रोडेनबाख यांनी त्याच विषयावर, परंतु स्वतः अंध असलेल्या व्यक्तीच्या अधिकाराने लिहिले. या दृष्टीने त्यांचे पुस्तक हे अपंगत्वाविषयीच्या लेखनाच्या इतिहासात उल्लेखनीय आहे.

दुसरे, १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेले मूकबधिरांविषयीचे पुस्तक. एका अंधाने मूकबधिरांकडे टाकलेला दृष्टिक्षेप, असे त्याचे सूचक शीर्षक आहे.

तिसरे, १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंध व मूकबधिर यांचा इतिहास, अध्यापन, शिक्षण व चरित्रे यांवरील ग्रंथ. तो त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा संग्रह म्हणता येईल.

तांबड्या आंबट बिअरची परंपरा

रोडेनबाख यांचे नाव ज्या बिअरशी जोडले गेले आहे, ती पश्चिम फ्लँडर्सची तांबडी किंवा तांबूस-तपकिरी आंबट बिअर होय. बिअर म्हणजे कडवट चवीचे पेय, ही सर्वसाधारण समजूत या प्रकारास लागू पडत नाही. हिची मुख्य चव आंबट-गोड असून हॉप्सचा कडवटपणा अत्यल्प असतो.

पार्श्वभूमी

शीतकरणाची यंत्रे येण्यापूर्वी उन्हाळ्यात बिअर तयार करणे जोखमीचे असे, कारण उष्ण हवेत ती लवकर बिघडते. म्हणून थंडीच्या महिन्यांत बिअर तयार करून ती लाकडी पिंपांत साठविली जाई. साठवणीच्या काळात लाकडात वस्ती करून असलेले सूक्ष्मजीव तिला आंबट करीत. अशी जुनी, आंबट बिअर ताज्या व गोडसर बिअरमध्ये मिसळून विकण्याची प्रथा फ्लँडर्सप्रमाणेच इंग्लंडमध्येही होती.

पेद्रो व रेगिना यांचे नातू एझेन रोडेनबाख यांनी १८७८ मध्ये कारखान्याची सूत्रे हाती घेतली. १८७० च्या दशकात इंग्लंडला जाऊन त्यांनी तेथील पोर्टर बिअर मुरविण्याची व मिसळण्याची पद्धत अभ्यासली आणि ती रुसेलारेत रूढ केली, असे कारखान्याच्या परंपरेत सांगितले जाते. एझेन यांना पुत्र नसल्याने कारखान्याचे रूपांतर भागभांडवली संस्थेत झाले.

निर्मिती

या बिअरचा तांबडा रंग भाजलेल्या सातूच्या माल्टपासून येतो. प्रथम यीस्ट व लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू यांच्या संमिश्र विरजणाने तिचे किण्वन होते. दुधाचे दही करणारे जिवाणूही याच वर्गातले असल्याने या बिअरच्या आंबटपणात दह्या-ताकाच्या आंबटपणाशी असलेले साम्य जाणवते. काही आठवड्यांनी बिअरचा एक भाग ताजा म्हणून बाजूला ठेवला जातो आणि दुसरा भाग 'फूडर' नावाच्या ओक लाकडाच्या प्रचंड उभ्या पिंपांत सुमारे दोन वर्षे मुरत ठेवला जातो.

रोडेनबाखच्या तळघरांत अशी २९४ पिंपे असून त्यांतील काही दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहेत. मोठ्या पिंपाची क्षमता ६५,००० लिटरपर्यंत असते. फळ्या जोडताना खिळे वापरले जात नाहीत. फटी बुजविण्यासाठी लव्हाळे व मधमाश्यांचे मेण वापरण्याची जुनी पद्धत आहे. पिंपांच्या देखभालीसाठी कारखाना स्वतःचे पिंपकार बाळगतो.

ओकचे लाकूड किंचित सच्छिद्र असते. त्यातून अत्यल्प प्रमाणात प्राणवायू आत शिरतो आणि ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट तसेच अ‍ॅसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू यांचे काम मंद गतीने सुरू राहते. प्राणवायू अधिक झाल्यास बिअरचा सिरका होतो, अगदीच न मिळाल्यास अपेक्षित गंध येत नाही. पिंप जितके मोठे, तितका दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग कमी आणि म्हणून प्राणवायूचा शिरकावही कमी. पिंपे इतकी मोठी असण्याचे हे कारण आहे. आम्ले व अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर नावाची संयुगे तयार होतात आणि त्यांमुळे फळांसारखा वास येतो.

दोन पिंपांतील बिअर कधीच तंतोतंत सारखी नसते. त्यामुळे चाखून मिश्रणाचे प्रमाण ठरविणे, हे या व्यवसायातील सर्वांत जबाबदारीचे काम मानले जाते. नेहमीच्या रोडेनबाखमध्ये सुमारे तीन चतुर्थांश ताजी व एक चतुर्थांश मुरलेली बिअर असते आणि अल्कोहोलचे प्रमाण ५.२ टक्के असते. 'ग्राँ क्रू' या प्रकारात मुरलेल्या बिअरचा वाटा सुमारे दोन तृतीयांश व अल्कोहोल ६ टक्के असते. एकाच निवडक पिंपातील बिअर न मिसळता बाटलीबंद केली तर तिला 'व्हिंटेज' म्हणतात.

आस्वाद

या बिअरला आंबट चेरी, हिरवे सफरचंद, ओकचे लाकूड व मुरलेला सिरका यांची आठवण करून देणारा गंध असतो. प्रथम चाखणाऱ्यास ती बिघडलेली वाटण्याचा संभव असतो आणि असा गैरसमज जुना आहे. तथापि बिघाडातील आंबटपणा एकसुरी व बोचरा असतो, तर मुरलेल्या बिअरमध्ये आंबटपणाबरोबर माल्टचा गोडवा, फळांचा गंध व लाकडाचा तुरटपणा यांचा मेळ असतो. आपल्याकडील आमसुलाच्या सारात गूळ आंबटपणाला सावरून धरतो, तसेच काम येथे ताजी बिअर करते. म्हणूनच ज्यांना ही चव नवी आहे त्यांनी ताज्या बिअरचे प्रमाण अधिक असलेल्या प्रकारापासून सुरुवात करून मग ग्राँ क्रूकडे वळावे, असा प्रघात आहे.

ती अतिथंड न करता, साधारण ८ ते १२ अंश सेल्सियस तापमानास दिली जाते. अति थंडीत गंध दबून जातो आणि केवळ आंबटपणा उरतो. फ्लँडर्समध्ये ती उत्तर समुद्रातील करडी कोळंबी, शिंपल्या, मुरलेले चीज व बिअरमध्ये शिजविलेले गोमांसाचे कालवण यांबरोबर घेतली जाते. अशा कालवणात सिरक्याऐवजी हीच बिअर वापरण्याचीही पद्धत आहे.

प्रसार

विसाव्या शतकात फिक्या रंगाच्या लागर बिअरच्या प्रसारामुळे फ्लँडर्समधील अनेक लहान ब्रुअऱ्या बंद पडल्या आणि दोन वर्षे भांडवल अडकवून ठेवणारी ही पद्धती मोजक्या ठिकाणीच उरली. रोडेनबाखखेरीज फिश्टे येथील व्हेरहाहे ब्रुअरीची 'दुशेस द बूरगोन्य' ही या परंपरेतील दुसरी नामांकित बिअर होय. ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सन (१९४२–२००७, याच नावाच्या अमेरिकन गायकाशी संबंध नाही) यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या लेखनामुळे हा प्रकार बेल्जियमबाहेरच्या वाचकांना माहीत झाला. रोडेनबाखमध्ये काम केलेले पेटर बाउकार्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील न्यू बेल्जियम ब्रुअरीत गेले आणि तेथे त्यांनी ओकमध्ये मुरविलेल्या आंबट बिअरची निर्मिती सुरू केली. अमेरिकेतील अशा बिअरच्या प्रसाराचा हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

रोडेनबाख कारखाना १९९८ मध्ये पाम या बेल्जियन बिअर समूहाने विकत घेतला. २०१६ पासून हा समूह नेदरलँड्समधील स्विंकल्स कुटुंबाच्या उद्योगाशी जोडला गेला आहे.

मृत्यू व वारसा

अलेक्झांडर रोडेनबाख यांचे १७ ऑगस्ट १८६९ रोजी रुम्बेके येथे वयाच्या ८२ व्या वर्षी निधन झाले. संसदेचे सदस्यत्व संपून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

रोडेनबाख घराण्याच्या पुढील पिढ्यांत दोन ख्यातनाम कवी झाले. फ्रेंच भाषेत लिहिणारे जॉर्ज रोडेनबाख (१८५५–१८९८) हे कॉन्स्टँटिन यांचे नातू. त्यांची ब्रूज शहरावरील १८९२ ची कादंबरी प्रतीकवादी साहित्यात महत्त्वाची मानली जाते. रुसेलारे येथे जन्मलेले आल्ब्रेख्त रोडेनबाख (१८५६–१८८०) हे फ्लेमिश भाषेच्या विद्यार्थी चळवळीचे अग्रणी होते आणि अवघ्या तेविसाव्या वर्षी वारले. एकाच घराण्यातील एक कवी फ्रेंचमध्ये आणि दुसरा फ्लेमिश भाषेच्या हक्कांसाठी लिहीत होता, यावरून त्या काळातील बेल्जियमच्या भाषिक ताणाची कल्पना येते.

१९८६ मध्ये, अलेक्झांडर यांच्या जन्माला दोनशे व संस्थेच्या १८३६ मधील स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या वेळी, रोडेनबाख कारखान्याने आंबट चेरीच्या स्वादाची 'अलेक्झांडर' ही बिअर बाजारात आणली. काही वर्षांनी तिचे उत्पादन थांबले आणि दीर्घ खंडानंतर ते पुन्हा सुरू करण्यात आले. त्यांचे नाव आज जगभर पोहोचते ते मुख्यतः या बाटलीवरून. ब्रुअरीच्या घडणीत रेगिना वाउटर्स व एझेन यांचा वाटा त्यांच्याहून मोठा होता, तर बेल्जियममधील अंध व मूकबधिर मुलांच्या शिक्षणाला कायद्याचा आधार मिळवून देण्याचे कार्य प्रामुख्याने त्यांचे होते.